वजनाच्या ऑपरेशननंतर लगेच दिवस गेले तर: कशानंतर काय करायचं

माझ्या गॅस्ट्रिक बायपासला, म्हणजे वजन उतरवायच्या ऑपरेशनला, सात महिने झाले होते. पीसीओडीमुळे (बीजकोशांच्या त्रासामुळे) पूर्वी तीन-तीन महिने पाळी यायची नाही, म्हणून ती चुकली आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सकाळी मळमळायचं, त्याचा दोष मी घाईघाईत खाल्लेल्या पोह्यांना दिला. मग एकदा चहाच्या वासानेही पोटात ढवळलं आणि संध्याकाळी मेडिकलमधून कार्ड आणलं. दोन रेघा उमटल्या. सर्जननी बजावून सांगितलेलं वाक्य तेव्हा कानात वाजायला लागलं: "किमान दीड वर्ष मूल नको." न्हाणीघरात स्टुलावर बसून मी रडले. आनंद झाला नव्हता असं नाही. पण आपण काहीतरी मोठी चूक केली, ही भावना त्याहून मोठी होती.

माझी मुलगी आता बालवाडीत जाते. तेव्हा मला कोणी क्रमाने सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गोळ्यांचे डोस तुमच्या रिपोर्टवरून तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांना काय विचारायचं आणि काय आठवून द्यायचं, एवढं तरी माहीत असायला हवं.

आधी हे मनातून काढा

ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात (काही ठिकाणी २४ सांगतात). त्या काळात वजन झपाट्याने उतरत असतं, जेवण जेमतेम असतं आणि शरीरातला लोह-जीवनसत्त्वांचा साठा खाली येत असतो. बाळाला वाढायला तीच वेळ मिळू नये, एवढाच त्यामागचा हेतू. त्याआधी दिवस गेले म्हणजे सगळं बिघडलंच, असं नाही. लवकर दिवस गेलेल्या कितीतरी बायकांची बाळंतपणं नीट झाली आहेत. लक्ष मात्र जास्त द्यावं लागतं.

हे घडलं कसं, याचंही उत्तर साधं आहे. चरबी उतरली की इन्शुलिनचा गोंधळ कमी होतो, आणि वर्षानुवर्षं रुसलेली बीजकोशं काही महिन्यांतच कामाला लागतात. ज्या बाईला "तुला मूल होणं अवघड" असं दहा वर्षं ऐकवलं गेलं, ती काळजी घेईलच कशाला? शिवाय बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या आतड्यातून पूर्ण शोषल्या जातील याचा भरवसा राहत नाही, म्हणून तांबी किंवा इंजेक्शनसारखे उपाय सुचवतात. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, तर दोष तुमच्याकडे नाही.

पहिला आठवडा

सोनोग्राफी करून घ्या. पाळी अनियमित असेल तर शेवटच्या पाळीवरून काढलेली तारीख सपशेल चुकते, आणि पुढच्या सगळ्या तपासण्या त्या तारखेवर अवलंबून असतात. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान ठोका दिसतो, गर्भ गर्भाशयातच आहे ना हेही कळतं. मला वाटत होतं सहा आठवडे, निघाले नऊ.

हे मूल हवं की नको, हा निर्णय तुमचा आहे. ऑपरेशन नुकतंच झालंय एवढ्याच कारणाने गर्भपात करावाच लागतो, असं कोणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि नको असेल, तर आपल्याकडे १९७१ चा कायदा आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती तुमच्या बाजूने आहे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं, आणि गर्भनिरोधक साधन निकामी ठरलं हे कारण कायद्यात मान्य आहे. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. फक्त दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. बायपासनंतर रक्त आधीच कमी असू शकतं, त्यात रक्तस्राव झाला तर जिवावर बेतू शकतं.

औषधांचा डबा उघडा

हे त्याच दिवशी करा. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर मांडा, फोटो काढा आणि डॉक्टरांना पाठवा. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेत असाल, तर ती गरोदरपणात चालत नाही, लगेच बदलून घ्यावी लागते. कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल विचारा. वजनासाठी सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर ते थांबवावं लागतं. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून ऑपरेशननंतर काही महिने जी गोळी देतात, तिचंही विचारा. थायरॉइडची किंवा फिटची गोळी मात्र घाबरून स्वतःहून बंद करू नका. थायरॉइडचा डोस तर गरोदरपणात बहुतेक वेळा वाढवावा लागतो.

आणि व्हिटॅमिनची बाटली उलटी करून मागचं लेबल वाचा. त्यातलं 'अ' जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात जास्त प्रमाणात असेल तर ते बाळाला घातक ठरू शकतं. गरोदरपणात ते बीटा कॅरोटीनच्या रूपात हवं. माझ्या बाटलीवरची अक्षरं इतकी बारीक होती की नवऱ्याने मोबाइलवर मोठी करून वाचली. ती गोळी त्याच दिवशी बदलली.

दोन डॉक्टरांची गाठ घालून द्या

माझ्या अनुभवात सगळ्यात मोठी अडचण ही होती. सर्जन एका शहरात, बाळंतपणाचा दवाखाना दुसरीकडे, आणि दोघांच्या मध्ये मी. बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे दिवसाला पन्नास बायका येतात. "पोटाचं ऑपरेशन झालंय" एवढंच सांगितलंत तर अपेंडिक्स समजून पुढे जातील. म्हणून पहिल्याच भेटीत डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स द्या आणि ऑपरेशनचं नाव स्पष्ट सांगा: स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास. फरक मोठा आहे. स्लीव्हमध्ये जठर फक्त लहान केलेलं असतं, आतड्याची वाट बदललेली नसते. दोन्ही बायपासमध्ये ती बदललेली असते, म्हणून शोषण कमी होतं आणि पुढे सांगते तो आतडं अडकण्याचा धोका राहतो. जठराभोवती पट्टा बसवलेला असेल तर तो सैल करायचा का, हे सर्जनना विचारा.

दोघांचे नंबर एकमेकांना द्या. जमलं तर एकदा स्पीकरवर फोन लावून दोघांना समोरासमोर बोलायला लावा. मी संकोचले होते, पण त्या चार मिनिटांच्या फोनने पुढचे सात महिने सोपे झाले. आहारतज्ज्ञ असतील तर त्यांनाही त्यात घ्या.

आणि एक कागद पाकिटात ठेवा. माझ्या कागदावर मी निळ्या पेनने लिहिलं होतं:

"माझा गॅस्ट्रिक बायपास झालेला आहे. ग्लुकोजचं पाणी पाजू नये. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक देऊ नये. उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) द्यावं. वरच्या पोटात दुखलं तर बॅरिअॅट्रिक (वजनाच्या ऑपरेशनच्या) सर्जनना कळवावं." खाली दोन नंबर.

स्लीव्ह झालेल्या बाईने आपल्या सर्जनना विचारून यातल्या ओळी बदलाव्यात.

गोळ्या कोणत्या आणि कधी

एरवी गरोदर बाईला लोह, फॉलिक अॅसिड आणि कॅल्शियम दिलं की बहुतेक काम भागतं. आपलं तेवढ्यावर भागत नाही. पहिल्याच महिन्यात रक्ताची सगळी तपासणी करून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, फॉलेट, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), थायरॉइड. बायपास असेल तर 'अ' जीवनसत्त्वही. आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा. एकदा चांगला रिपोर्ट आला म्हणून थांबू नका, बाळ मोठं होतं तसा साठा उतरतो.

फॉलिक अॅसिड साधारण ४०० मायक्रोग्रॅम देतात. वजन अजून बरंच जास्त असेल किंवा मधुमेह असेल तर ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. इथे एक गोम आहे: नुसतं फॉलिक अॅसिड भरपूर घेतलं तर बी१२ची कमतरता रक्ताच्या रिपोर्टमध्ये झाकली जाते आणि नसांचं नुकसान आत चालू राहतं. आपल्यातल्या पुष्कळ बायका शाकाहारी, म्हणजे बी१२ आधीच कमी. मला दर महिन्याला इंजेक्शन होतं.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. दोन्हींत किमान दोन तास ठेवा. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, पण एका वेळी ५०० च्या वर अंगी लागत नाही, म्हणून तीन वेळा विभागून. आणि ते सायट्रेट मागा. बाजारात जास्त करून मिळतं ते कार्बोनेट पचायला जठरातलं आम्ल लागतं, आणि आपल्याकडे ते कमी झालेलं असतं.

सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. ती वाईट नाही, जरूर घ्या, पण ती घेतली म्हणजे झालं असं समजू नका. फेरिटिन फारच खाली असेल तर चौथ्या महिन्यापासून शिरेतून लोह देता येतं. मला दोनदा दिलं.

माझं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं होतं. सकाळी उठल्याउठल्या थायरॉइड. अकराला लोह, अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर. दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला कॅल्शियम. जेवणानंतर चहा बंद, कारण चहा लोह अडवतो. थायरॉइडच्या गोळीत आणि लोह-कॅल्शियममध्ये चार तास हवेत, म्हणून अकरा. सासूबाई घड्याळाकडे बघून हाक मारायच्या, "तुझी लिंबूवाली झाली का गं?"

"दोन जिवांची आहेस, खा"

हे वाक्य तुम्हाला रोज ऐकू येणार. प्रेमाने म्हणतात, त्यांच्यावर चिडू नका. पण आपल्या जठरात एका वाटीपलीकडे मावतच नाही. दोन जिवांचं खाणं म्हणजे दुप्पट खाणं नव्हे, तर प्रत्येक घास कामाचा असणं. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि ताटात आधी तीच संपवायची. अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात, १०० ग्रॅम पनीरमधून १८ च्या आसपास, पेलाभर दुधातून ६-७. घट्ट वरण, मोड आलेली मटकी, मुगाचं धिरडं, चक्का, भरपूर बेसनाचं पिठलं, मासे खात असाल तर मासे. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं, नीट चावून. पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाच्या अंतराने घोट घोट.

डिंकाच्या लाडवाबद्दल सगळ्याच विचारतात. बायपास असेल तर अख्खा लाडू एकदम खाल्ल्यावर गूळ आतड्यात धाडकन उतरतो: घाम, धडधड, पोटात मुरडा, कधी जुलाब, आणि तासा-दोन तासांनी साखर खाली. यालाच डम्पिंग म्हणतात. माझ्या आईने लाडू लिंबाएवढे वळले, गूळ निम्मा केला आणि बदाम वाढवले. डोहाळजेवणालाही जिलबी माझ्या ताटात फक्त ओटीसारखी ठेवली होती.

सुरुवातीच्या महिन्यांत वजन अजून उतरत असेल तर दचकू नका, पण मुद्दाम उतरवूही नका. डाएट आता बंद. किती वाढावं, हे दिवस गेले तेव्हाच्या बीएमआयवरून (उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्यावरून) ठरतं: ३० च्या वर असेल तर ५ ते ९ किलो, २५ ते ३० मध्ये ७ ते साडेअकरा, त्याखाली साडेअकरा ते १६. काट्यावरचा आकडा पुन्हा चढताना बघणं अवघड जातं. इतक्या कष्टाने उतरवलेलं वजन ते. मला त्याचा त्रास झाला, आणि मी तो डॉक्टरांना सांगितला. तुम्हीही सांगा.

उलट्या

एरवीच्या उलट्या आणि आपल्या उलट्या सारख्या नाहीत. दिवसातून दोन-तीन वेळा होऊन पोटात थोडं टिकत असेल तर ठीक. पण पाण्याचा घोटही टिकत नसेल, किंवा आठवडाभर सतत चालू असेल, तर घरी थांबू नका. बी१, म्हणजे थायमिन, शरीरात साठतं फार थोडं, आणि ते दोन-तीन आठवड्यांत संपू शकतं. मग डोळ्यांना दोन-दोन दिसतं, चालताना झोक जातो, बोलण्यात गोंधळ होतो. ही मेंदूची इजा आहे आणि ती कायमची राहू शकते. गल्लीतल्या दवाखान्यात उलट्या म्हटल्या की ग्लुकोजचं सलाईन लावतात. थायमिन संपलेल्या अंगात आधी ग्लुकोज गेलं तर हा त्रास उलट बळावतो. म्हणून आधी थायमिन, मग सलाईन. पाकिटातला कागद त्यासाठीच.

साखरेची तपासणी

आपल्याकडे प्रत्येक गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. मला सहाव्या महिन्यात लॅबमधल्या मुलीने तो ग्लास हातात दिला. मी ऑपरेशनचं सांगितलं, ती म्हणाली, "सगळ्यांनाच देतो ताई." मीही प्यायले. वीस मिनिटांत साडी घामाने भिजली, छाती धडधडायला लागली, आणि पुढचा तास मी बाकावर आडवी होते. रिपोर्ट आला तोही कामाचा नव्हता.

बायपासवाल्यांनी हा ग्लास नाकारायचा. त्याऐवजी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान आठवडाभर घरी ग्लुकोमीटरने उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर मोजून वहीत लिहायची आणि ती वही डॉक्टरांना दाखवायची. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी तपासणी सुरुवातीला करतात, पण रक्त कमी असेल तर तिच्यावर फार विसंबता येत नाही. स्लीव्ह असेल तर काहींना ग्लुकोज सोसतं, तरी आधी विचाराच.

पोटात दुखलं तर

हा भाग नवऱ्याला आणि घरच्यांनाही वाचायला द्या. बायपासमध्ये आतड्याची जोडणी बदलताना आत फटी राहतात. वजन उतरलं की त्या रुंदावतात, आणि वाढतं गर्भाशय आतडी वर ढकलतं. एखादा वेढा त्या फटीत शिरून पिळला गेला तर काही तासांत आतडं काळं पडू शकतं. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका. शेवटच्या तीन महिन्यांत हे जास्त होतं.

दुखणं बहुतेकदा वरच्या पोटात, बरगड्यांखाली, कळा येऊन किंवा सतत, कधी पाठीत जाणारं, सोबत उलटी. खाल्ल्यावर वाढतं. याला अॅसिडिटी म्हणून गोळी देऊन घरी पाठवतात, किंवा कळा सुरू झाल्या असं समजून बाळंतपणाच्या खोलीत नेतात. रक्ताचे रिपोर्ट आणि साधी सोनोग्राफी नॉर्मल येऊनही आतडं अडकलेलं असू शकतं. सीटी किंवा एमआरआय लागू शकतो. बाळामुळे सीटीची भीती घालतील, पण इथे उशीर हा सीटीपेक्षा जास्त धोक्याचा असतो. कधी दुर्बिणीतून आत बघावंच लागतं. म्हणून सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयातच जा, १०८ ला फोन करा, आणि वाटेतच बॅरिअॅट्रिक सर्जनना कळवा.

दुखण्यावर घरी ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका, बायपासच्या जोडावर व्रण होतो. पॅरासिटामॉल चालतं.

बाळाची वाढ

२०१५ मध्ये स्वीडनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशननंतरची ६७० बाळंतपणं पाहिली आणि ऑपरेशनआधी त्यांचं जेवढं वजन होतं तेवढ्याच वजनाच्या, पण ऑपरेशन न झालेल्या बायकांशी ती ताडून पाहिली. गरोदरपणातला मधुमेह ६.८ टक्क्यांवरून १.९ वर आला होता, फार मोठी बाळंही कमी झाली होती. पण वयाच्या मानाने लहान बाळं ७.६ ऐवजी १५.६ टक्के होती. म्हणजे ऑपरेशनने तुमचं आणि बाळाचं भलंही केलेलं आहे. लक्ष ठेवायचं ते वाढीवर. अठरा-वीस आठवड्यांची व्यंग शोधणारी सोनोग्राफी चुकवू नका, आणि २४ आठवड्यांनंतर साधारण महिन्याला एक वाढीची सोनोग्राफी मागून घ्या. खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, तिथे तज्ज्ञ डॉक्टर भेटतात.

बाळंतपण आणि नंतर

वजनाचं ऑपरेशन झालंय म्हणून सिझेरियन करावं लागत नाही. माझं नॉर्मल झालं. सिझेरियन झालंच तर दुखणं थांबवायला सर्रास डायक्लोफिनॅक देतात, तेव्हा कागद पुन्हा दाखवा.

अंगावर पाजा, काही अडचण नाही. पण गोळ्या आणि बी१२चं इंजेक्शन सोडू नका. आईच्या अंगात बी१२ नसेल तर दुधातही येत नाही, आणि बाळ मलूल पडतं, मान धरायला उशीर लावतं. बाळाच्या डॉक्टरांनाही तुमचं ऑपरेशन सांगून ठेवा.

आणि दवाखान्यातून निघायच्या आधी गर्भनिरोधनाचं ठरवून टाका. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनी. अंगावर पाजतेय म्हणून दिवस राहणार नाहीत, या भरवशावर राहू नका. मी तिसऱ्या दिवशी तांबीशिवाय घरी आले होते. सहा आठवड्यांनी परत गेले तेव्हा मुलगी आईच्या मांडीवर होती आणि मी यादीत सगळ्यात वर लिहून नेलं होतं: तांबी.